शामकलाबाईंचा अंगठा आणि मी

मित्रांनो, मी व्हिडिओ गेमचा एक जुना जॉयपॅड आहे. माझी डावी काडी सैल झाली आहे, पाठीवरचा एक स्क्रू हरवला आहे, आणि उजव्या बाजूचं गोल बटण इतकं झिजलं आहे की त्यावरचं चिन्ह आता कुणाला वाचता येत नाही. या घरात मला रिमोट म्हणतात. रिमोट टीव्हीला असतो, हल्ली पंख्यालाही असतो. मी रिमोट नाही. पण ज्यांना एवढाही फरक कळत नाही त्यांची समजूत घालत बसण्याचं माझं वय राहिलेलं नाही.

तुम्हाला मित्रांनो म्हणतो ते केवळ रीत म्हणून. तुमच्यापैकी पुष्कळांचे अंगठे मला ठाऊक आहेत, आणि त्यांत मैत्री करण्यासारखे फार थोडे आहेत.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथे एका यंत्राने माझं प्रत्येक बटण पाच हजार वेळा दाबून पाहिलं. त्या यंत्राला काही जिंकायचं नव्हतं आणि काही हरायचंही नव्हतं. मला वाटलं, बाहेरच्या जगात माणसं असतील, ती विचार करून बटण दाबतील. पुढे मी गोंदियाच्या बाजारात एका मोबाइलच्या दुकानात पोचलो, काचेच्या कपाटात आठ महिने धूळ खात पडलो, आणि एके दिवशी भुपेंद्र उईके याने मला विकत घेतलं. त्या दिवसानंतर मला त्या यंत्राची किंमत कळली. ते निदान आपल्या दाबण्याची फुशारकी तरी मारत नव्हतं.

भुपेंद्र गोंदियाजवळच्या फुलचूरला राहतो. वय बत्तीस. राइस मिलमध्ये यंत्रावर कामाला आहे. घरात बायको रेणू, आणि टीव्हीखाली खेळाचा डबा. त्या डब्यात त्याचा लाडका खेळ होता. खेळाचं नाव ‘सात गडांची स्वारी’. त्यात आठ शिपाई असतात. चौकटी आखलेल्या रानावर, डोंगरावर, नदीकाठी त्यांना एकेक करून हलवायचं. आपली पाळी संपली की शत्रूची पाळी. कोण पुढे उभा राहील, कोण झाडाआड थांबेल, जखमी शिपायाला कधी मागे घ्यायचं, हे सगळं आपण ठरवायचं. असे सात गड जिंकले की स्वारी पुरी झाली. खेळ बनवणाऱ्याने डोकं वापरलं होतं आणि खेळणाऱ्यानेही वापरावं अशी त्याची अपेक्षा होती. बिचारा.

कारण खेळात एक पळवाट होती. पहिल्या गडाजवळ एक माळ होता. तिथे फाटके लुटारू फिरत. त्यांना मारलं की शिपायांना थोडा अनुभव मिळे आणि अनुभव साठला की शिपायाची पातळी वाढे. म्हणजे ज्याला विचार करायचा कंटाळा, त्याने त्या माळावर जाऊन तेच ते लुटारू हजार वेळा मारावेत, आणि मग गडावर जाऊन मुंगी चिरडावी तसा शत्रू चिरडावा. पोरं याला लेव्हल घिसणं म्हणतात. शब्द बरोबर आहे. घिसला मात्र मी जातो.

भुपेंद्र तर स्वतः घिसायलाही आळशी होता. त्याने कोथिंबिरीच्या जुडीचा रबर घेतला, माझी डावी काडी एका बाजूला ओढून बांधली, गोल बटणावर चिकटपट्टीने एक खडा दाबून बसवला आणि तो जेवायला गेला. पडद्यावर शिपाई गोल गोल फिरत होते, लुटारू मरत होते, पातळी वाढत होती. आत माझा मालक वरणभात ओरपत होता. असं महिनाभर रोज चाललं. एके दिवशी तो ढेकर देत बाहेर आला आणि मित्राला फोनवर म्हणाला, “यार, अपना तो नव्व्याण्णव लेव्हल हो गया. कोणी टिकूनच नाई राहिला आपल्यासमोर.”

नव्व्याण्णव लेव्हल! त्या महिन्यात सगळ्यात जास्त काम कुणी केलं असेल तर रबराने. मला त्या रबराबद्दल आदर आहे.

असे दिवस चालले होते, तेव्हा जून महिन्यात भुपेंद्रची आई या घरात आली.

शामकलाबाई उईके वनरक्षक होत्या. नवरा वनखात्यात होता, तो गेल्यावर त्याच्या जागी त्या लागल्या आणि दरेकसाच्या डोंगरात त्यांनी पंचवीस वर्षं गस्त घातली. निवृत्त होऊन चार महिने झाले होते, तोच त्यांना लकवा आला. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, उजवा हात मात्र मांडीवर पडून राहिला. बोटं आत वळलेली, अंगठा तळहातात दडलेला.

प्रिया मॅडम नावाच्या फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोनदा येत. त्यांनी एक मऊ चेंडू दिला आणि सांगितलं, “आई, हा दिवसातून दोनशे वेळा दाबायचा. पहिले सहा महिने फार महत्त्वाचे आहेत. हाताला जे शिकवायचं ते आत्ताच.”

शामकलाबाईंनी चेंडू अकरा वेळा दाबला आणि डाव्या हाताने खिडकीबाहेर फेकला.

“काऊन फेकला माय?” भुपेंद्र म्हणाला.

“मंग का करू? तो चेंडू काई करते का? मी दाबतो, तो दबते. मी सोडतो, तो फुगते. त्याचं काई जात नाई, माहं काई येत नाई.”

मी टीव्हीखालून ऐकत होतो. या घरात पहिल्यांदा कुणीतरी शहाणं बोललं होतं.

शामकलाबाई दिवसभर खाटेवर बसून टीव्हीकडे पाहत, म्हणजे खरं तर भुपेंद्रचा खेळ पाहत. ऑगस्टमध्ये एका रविवारी त्याने आपले शिपाई वाळल्या गवतात उभे केले. समोर टेकडीवर शत्रूचे तिरंदाज होते, पेटते बाण घेऊन. शामकलाबाईंना राहवलं नाही.

“अरे, वारा कोनीकडून येऊन राहिला ते पाहाना! वरून आग येईन अन तू पोट्ट्यायले गवतात उभं केलंस?”

“काई फरक नाई पडत माय. माही लेव्हल जास्त आहे.”

आग लागली. शिपाई जळाले नाहीत, कारण नव्व्याण्णव पातळीच्या शिपायाला गवत जाळत नाही. शामकलाबाई म्हणाल्या, “पंचवीस वर्सं वणवा इझवला मी. अशी मुर्दाड आग नाई पाह्यली.” आणि त्यांनी डावा हात पुढे केला. “दे इकडं.”

भुपेंद्रने हसत हसत मला त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि त्यांच्यासाठी नवा खेळ सुरू करून दिला. त्याला वाटलं, म्हातारी दहा मिनिटांत कंटाळेल.

मित्रांनो, त्या दिवशी मी पहिल्यांदा माणसाच्या हातात गेलो. पहिल्या गडावर त्या दोनदा हरल्या. तिसऱ्या वेळी त्यांनी शिपाई नदीकाठी ओल्या जमिनीवर नेले, वारा फिरायची वाट पाहिली आणि शत्रूची आग शत्रूवरच उलटवली. सुरुवातीला त्या सगळं डाव्या हाताने करत. प्रिया मॅडमनी ते पाहिलं आणि अट घातली की काडी डाव्या अंगठ्याने फिरवा, पण बटण उजव्यानेच दाबायचं. रेणू त्यांचा उजवा अंगठा उलगडून माझ्या गोल बटणावर ठेवून देई. तो थंड असे आणि थरथरत असे. एक बटण दाबायला कधी अर्धं मिनिट लागे. पण त्या अर्ध्या मिनिटात त्या काय ठरवत आहेत हे मला कळे. हा शिपाई पुढे गेला तर उजवीकडची वाट उघडी पडेल. न गेला तर पुढच्या पाळीला दोघे मरतील. मग अंगठा खाली येई. त्या दाबण्यात वजन असे.

सप्टेंबरच्या मध्यापर्यंत त्या तिसऱ्या गडाशी पोचल्या होत्या. तो गड काही पडत नव्हता. रोज हरत, रोज चिडत, आणि रोज दुपारी रेणूला हाक मारत, “रेणू, आंगठा बसवून दे वं.” महिन्याच्या चौथ्या आठवड्यात त्यांना रेणूची गरज उरली नाही. अंगठा आपला आपण तळहातातून बाहेर येऊ लागला.

आणि इथे आमच्या भुपेंद्रला आईची दया आली.

मिलला दोन दिवस सुट्टी होती. शामकलाबाई तपासणीसाठी दोन दिवस दवाखान्यात होत्या, रेणूही सोबत होती. भुपेंद्रने आईचा खेळ उघडला. पुन्हा रबर, पुन्हा खडा. दोन दिवसांत त्याने तिचे आठही शिपाई साठ पातळीच्या वर नेले आणि जुन्या नोंदीवरच नवी नोंद करून टाकली, म्हणजे मागे जायची सोय उरली नाही. त्याच्या मनात पाप नव्हतं, हे मी मान्य करतो. डोक्यातही काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने मोठ्या कौतुकाने मला आईच्या हातात दिलं. “पाह्य माय, आता कोणालेबी एका टोल्यात मारशीन.”

शामकलाबाईंनी तिसऱ्या गडावर स्वारी केली. पहिल्याच शिपायाने फाटक तोडलं. शत्रूचा सरदार, ज्याच्यासाठी त्या बारा दिवस झोपेतसुद्धा चाली रचत होत्या, एका फटक्यात पडला. वारा कुठून येतो हे कुणी विचारलंही नाही. पडद्यावर फटाके उडाले. शामकलाबाईंनी मला खाटेवर ठेवलं.

“काऊन रे, तुले कोनं सांगतलं होतं हात लावाले?”

“तुले तरास होऊन राहिला होता ना माय. रोज हारून राहिली होतीस.”

“मी हारून राहिली होती. मी. तू कायले मधात आला? हे तं मेल्याले मारनं होये.”

त्यांनी पाठ फिरवली. त्यानंतर तीन आठवडे त्यांनी मला हात लावला नाही. नवा चेंडू आणला होता, तोही तसाच पडून राहिला. प्रिया मॅडम आल्या की त्या भिंतीकडे पाहत बसत. पंधरा दिवसांनी मॅडमनी त्यांचा हात हातात घेतला आणि रेणूला बाहेर नेऊन सांगितलं, “अंगठा परत आत वळतोय. चार महिने होत आले. असंच राहिलं तर मग अवघड आहे.”

भुपेंद्रने हे दारातून ऐकलं. रात्रभर झोपला नाही, असं रेणू शेजारणीला सांगत होती. मला त्याचं फारसं काही वाटलं नाही. ज्याने घराला आग लावली त्याने धुरामुळे डोळे चुरचुरतात म्हणून सांगू नये.

मार्ग काढला तो रेणूने. तिने कधी खेळ खेळला नव्हता. एका दुपारी ती खाटेजवळ जमिनीवर बसली, मला उचललं, नवा खेळ सुरू केला आणि सासूच्या डोळ्यांदेखत इतकी वाईट खेळली की मला लाज वाटली. तिने तिरंदाजांना सगळ्यांत पुढे उभं केलं. जखमींना नदीत उतरवलं. पहिला गड ती सहा वेळा हरली.

सातव्या वेळी खाटेवरून आवाज आला, “अवं, त्या भालेवाल्याले पुढं कर ना!”

“कोणत्या, आई?”

“तो, झाडाजवळचा. नाई, तो नाई. आंधळी हायेस का तू?”

“मला नाही समजत आई. तुम्हीच दाखवा.”

शामकलाबाईंनी मला तिच्या हातातून हिसकावलं. दोन्ही हातांनी. रेणू उठली आणि चहा टाकायला गेली. ती मुद्दाम वाईट खेळली होती की तिला खरंच येत नव्हतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, आता बाई सुधारल्या. छे. आता त्यांच्यात उलटी खोड शिरली. भुपेंद्रच्या घिसण्याची त्यांना इतकी किळस बसली होती की त्यांनी माळावर पाय ठेवायचाच नाही असं ठरवलं. सरावाची एकही लढाई नाही. कोवळे, नवखे शिपाई घेऊन त्या एकेका गडावर जात. पहिले दोन गड अकलेवर निघाले. तिसरा चौदा वेळा हरून कसाबसा निघाला. चौथ्या गडावर अक्कल पुरेना. चाल बरोबर असे, पण शिपायाच्या अंगात तेवढा दमच नसे. एकोणीस वेळा हरल्या. विसाव्या वेळी त्यांनी मला भिंतीवर फेकून मारलं. माझी काडी सैल झाली ती तेव्हा, आणि स्क्रू हरवला तोही तेव्हाच. मी शामकलाबाईंचा मान ठेवतो, पण एवढं सांगतो की त्या दिवशी त्या मला भुपेंद्रइतक्याच मूर्ख वाटल्या. त्याला फक्त घासायचं होतं, यांना फक्त लढायचं होतं.

प्रिया मॅडमनी मला जमिनीवरून उचललं. “आई, एक विचारू? तुम्ही जंगलात गस्त घालायच्या, ती वाट रोजचीच ना? मग कंटाळा यायचा का?”

“कंटाळा कायचा? वाट तेच राह्यते. पण कालचं पाऊल कोनाचं, आजचं कोनाचं, हे पाहा लागते. ज्याले कंटाळा आला त्याले रानात अस्वल भेटते.”

“मग या शिपायांना गस्त का घालायला लावत नाही तुम्ही?”

दुसऱ्या दिवशी शामकलाबाई माळावर गेल्या. त्यांनी स्वतःसाठी नियम केले. एका जागी एकदाच लढायचं. जो शिपाई सगळ्यांत कच्चा, त्याला पुढे ठेवायचं आणि त्याला मरू द्यायचं नाही. एका गडाआधी तीनच लढाया, चौथी नाही. आणि बटण उजव्याच अंगठ्याने. अशी लढाई फाटक्या लुटारूंशी असली तरी तिच्यात जीव येतो. पुढचा कच्चा पोरगा वाचेल की नाही, याची धाकधूक असते. तीन लढायांनी शिपाई थोडेसेच वाढत, गडावर जेमतेम पुरतील इतकेच. उरलेलं डोक्याने भरून काढावं लागे. मित्रांनो, एवढीशी गोष्ट आहे. नव्व्याण्णव पातळीवर बसलेल्या मंडळींना मात्र ती जन्मभर सुचत नाही.

चौथा गड डिसेंबरच्या सुरुवातीला पडला. त्याच आठवड्यात शामकलाबाईंनी प्रिया मॅडमना बजावलं, “तो चेंडू घेऊन जा. मले असं काम दे का चुकलं तं समजलं पाह्यजे.” मग मॅडमनी त्यांना सुपात तांदूळ दिला, त्यात बारीक खडे मिसळून. उजव्या हाताने खडे निवडायचे. रात्री त्याच तांदळाचा भात. खडा राहिला तर सगळ्यांच्या दाताखाली येणार. भुपेंद्रच्या दाताखाली दोनदा आला. मला फार समाधान वाटलं.

सातव्या गडाशी त्या जानेवारीत पोचल्या. एका दुपारी भुपेंद्र घरी होता, तो खाटेच्या पायथ्याशी बसून पाहत होता. आठांपैकी पाच शिपाई पडले. मग आणखी दोन. शेवटी एकच उरला, शत्रूचा सरदार समोर, आणि एकच घाव घालायला मिळणार. घाव बसण्याची शक्यता पडद्यावर लिहिलेली असते. ती निम्म्याहून थोडी जास्त होती. शामकलाबाईंचा अंगठा बटणावर होता आणि तेवढ्यात त्याला पेटका आला. अंगठा ताठला, कापू लागला, खाली येईना.

भुपेंद्रने हात पुढे केला. “मी दाबतो माय.”

“हात मागं घे.”

“अवं, फक्त बटनच तं…”

“भुप्या, हात मागं घे.”

त्याने हात मागे घेतला. दोन्ही हात स्वतःच्या काखेत दाबून धरले आणि तसाच बसून राहिला. जवळजवळ एक मिनिट गेलं. मग अंगठा खाली आला.

घाव चुकला. पुढच्या पाळीला सरदाराने शेवटचा शिपाई मारला आणि पडदा काळा झाला.

“अरेरे,” भुपेंद्र म्हणाला.

“कायले अरेरे? उद्या पाहू.”

पाच दिवसांनी, भुपेंद्र मिलमध्ये आणि रेणू बाजारात असताना, शामकलाबाईंनी सातवा गड घेतला. घरात मी एकटाच साक्षीला होतो. त्या ओरडल्या नाहीत की हसल्या नाहीत. पडद्यावरचे फटाके संपेपर्यंत बसल्या, मग टीव्ही बंद करून त्यांनी तांदूळ निवडायला घेतला. संध्याकाळी सगळे जेवायला बसले, तेव्हा वरणाची वाटी पुढे ओढत म्हणाल्या, “जितली मी.”

“कवा? कशी काय? शेवटी कोण उरलं होतं?” भुपेंद्र विचारत सुटला. ठाण कुठे मांडलं, वारा कुठला होता, सगळं त्याने विचारलं. रेणू मात्र सासूच्या ताटाकडे पाहत होती. जून महिन्यानंतर पहिल्यांदा शामकलाबाई उजव्या हाताने भात कालवत होत्या.

त्यानंतर माझं काम संपलं. माघात त्या कचारगडच्या जत्रेला गेल्या, मला नेलं नाही, आणि ते योग्यच होतं. भुपेंद्रने स्वतःसाठी नवा जॉयपॅड आणला आहे. त्याच्यावर रबर अजून तरी दिसलेला नाही, पण मी लगेच विश्वास ठेवणाऱ्यांतला नाही. मी आता कपाटाच्या खालच्या खणात आहे, पेचकस, मेणबत्त्या आणि लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याजवळ. काडी आपोआप डावीकडे सरकते म्हणून मला कुणी घेत नाही.

तेव्हा तुमच्याकडे माझं मागणं थोडकंच आहे. मला पाण्यापासून जपा, भिंतीवर फेकू नका, माझा स्क्रू सापडला तर बसवा. आणि आपल्या माणसाला एखादी गोष्ट जड जात असेल तर त्याच्या शेजारी बसा, पण त्याचं बटण दाबू नका. मला पुन्हा कामाला लावायचं असेल तर अवघड काम द्या. सोप्यासाठी मला बाहेर काढू नका. इथे अंधार आहे, धूळ आहे, पण लग्नपत्रिका निदान स्वतःच्या पातळीबद्दल बोलत नाहीत.